रात्रीचे विरार आणि चित्राची कीर्द-खतावणी

मनवेलपाड्यातील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर दिवेलागणीला उभे राहिले, की विरार पूर्वेचे क्षितिज नजरेच्या एका फेरीत सामावते. पूर्वेला काळसर होत जाणारा जीवदानीचा डोंगर, पश्चिमेला रेल्वेमार्ग व त्यापलीकडे अजून उजळ असलेला आकाशाचा पट्टा, दक्षिणेला नालासोपाऱ्याच्या दिशेने एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती. २००९ साली चार नगरपरिषदा व आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढ्या वस्तीचे रात्रीचे रूप एका लांबरुंद छायाचित्रात, म्हणजेच पॅनोरमात, टिपावे अशी हौस कुणा तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. ही हौस चिकाटी, निरीक्षण आणि हिशेबीपणा हे तिन्ही गुण अंगी आणते. तिच्या उत्तरार्धात, संगणकावर चित्र सुधारताना, एक प्रश्न मात्र उभा राहतो आणि व्यापारी घरांना तो अनोळखी नाही: नोंद कुठे संपते आणि बनावट कुठे सुरू होते?

वेळेची निवड

रात्रीच्या चित्रासाठी पूर्ण काळोखाची वाट पाहू नये. सूर्यास्तानंतर साधारण २० ते ४० मिनिटांच्या अवधीत आकाश गडद निळे होते आणि त्याचा प्रकाश दिव्यांच्या प्रकाशाशी जुळतो. इमारतींच्या कडा, डोंगराची रेषा आणि खिडक्यांतील उजेड हे सर्व त्या थोड्या वेळातच एकत्र दिसते. आपल्या भागात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासात उलटून जातात. त्यानुसार अर्धा तास आधी गच्चीवर पोहोचून मांडणी करावी. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते व दूरचे दिवे स्वच्छ दिसतात. हिवाळ्यातील धुरके तेच दिवे फिकट करते. गच्चीसाठी सोसायटीची परवानगी घ्यावी आणि कठड्यावर चढण्याचे साहस कटाक्षाने टाळावे.

सर्व फ्रेमना एकच माप

कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, उभा धरून बसवावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो थोडाथोडा फिरवत दहा-बारा फ्रेम घ्याव्यात. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा सुमारे एक तृतीयांश भाग पुन्हा यावा, कारण याच सामाईक भागावरून संगणक जोड ओळखतो. कठडा किंवा पाण्याची टाकी चौकटीत आली, तर जवळची वस्तू व दूरची इमारत यांचा मेळ जोडताना बसत नाही. त्यांना बाहेरच ठेवावे.

आयएसओ १०० ते ४००, छिद्र एफ ८ च्या आसपास आणि शटर काही सेकंद उघडे, ही सुरुवातीला पुरेशी मांडणी आहे. दूरच्या एका दिव्यावर फोकस साधून तो तसाच बांधून ठेवावा. बटण दाबताना होणारी थरथर टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा.

खरी कसोटी पुढे आहे. सायंकाळी पश्चिमेचे आकाश उजळ व पूर्वेचे काळोखे असते. कॅमेरा स्वयंचलित ठेवला, तर तो प्रत्येक फ्रेमला वेगळा प्रकाश मोजतो आणि जोडलेल्या चित्रात पट्टे उमटतात. म्हणून पश्चिमेचे आकाश जळून पांढरे होणार नाही इतका प्रकाश एकदाच ठरवावा आणि शेवटच्या फ्रेमपर्यंत तो बदलू नये. व्हाइट बॅलन्सही तसाच स्थिर ठेवावा. तोलताना मध्येच वजने बदलणारा दुकानदार कुणाच्याच विश्वासाला पात्र राहत नाही. येथेही न्याय तोच.

मोबाइल फिरवून घेतलेल्या पॅनोरमात रात्री चित्र हलते आणि धावती लोकल तुकड्यातुकड्यांत कापली जाते. मोबाइलवाल्यांनी तो स्टँडवर लावून सुटे फोटो घ्यावेत व नंतर जोडावेत.

कीर्द तशीच राहावी

रॉ फाइल ही छायाचित्राची रोजकीर्द होय. घडले तसे, घडले त्या क्रमाने तिच्यात उतरलेले असते. तिला कधी हात लावू नये, तिची दुसरी प्रत सुरक्षित ठेवावी. संपादित चित्र ही खतावणी. तिच्यात वर्गवारी होते, मांडणी होते, परंतु कीर्दीत नसलेली रक्कम तिच्यात येऊ शकत नाही.

हगिनसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर किंवा लाइटरूम फ्रेम जोडून देते. त्यानंतर क्षितिज सरळ करणे, कडा कापणे, अंधारातील दाणेदारपणा कमी करणे, फार तळपणारे दिवे थोडे उतरवणे आणि सावलीतील तपशील उचलणे, ही सर्व रास्त दुरुस्ती आहे. डोळ्याला जे दिसले होते ते कॅमेऱ्याला एका दमात झेपले नाही, एवढीच उणीव ती भरून काढते.

दिव्यांच्या रंगाबाबत विशेष संयम हवा. सोडियमच्या दिव्यात निळ्या रंगाचा अंश फारच अल्प असतो. तो प्रकाश ओढूनताणून पांढरा केला, तर चित्र निर्जीव होते. शहराची ओळखही या रंगात असते. मरीन ड्राइव्हवरील ‘राणीच्या हारा’चे सोनेरी दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा नागरिकांची एवढी नाराजी झाली की पुढे पिवळसर छटा परत आणावी लागली.

आता सीमारेषा पाहू. आकाशात मोठा चंद्र चिकटवणे ही सर्वात प्रचलित बनवाबनवी. चंद्राचा व्यास आकाशात सुमारे अर्धा अंश भरतो. १८० अंशांच्या पॅनोरमात तो रुंदीच्या ३६० व्या भागाएवढा, म्हणजे तीन फुटी छपाईत जेमतेम अडीच मिलिमीटर दिसायला हवा. थाळीएवढा चंद्र आपणच आपली साक्ष देतो. परंतु रिकाम्या खिडक्यांत दिवे भरणे, शेजारची जीर्ण चाळ पुसणे, ओसाड जागेवर बाग उगवणे, ही लबाडी सहजी पकडली जात नाही. श्रावकाच्या अणुव्रतांच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि प्रतिरूपक व्यवहार यांची गणना आहे. खोटा दस्त व नकली माल यांत आज चित्रही मोडते.

चित्र बाजारात जाते तेव्हा

भिंतीवरच्या चित्रात ही बाब आवडीनिवडीपुरती राहील. तेच चित्र घरविक्रीच्या माहितीपत्रकावर छापले गेले, की त्यावर कुणाची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील असत्य माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात अशा जाहिरातींवर महारेराचा क्यूआर कोडही बंधनकारक आहे. देखणे चित्र पाहून मन भुलण्यापूर्वी तो कोड उघडून पाहावा.

ही सावधगिरी विरारकरांना वेगळी समजवावी लागू नये. २७ ऑगस्ट २०२५ रोजी, गणेशचतुर्थीच्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये चार मजली अनधिकृत इमारतीचा भाग कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. दुरून घेतलेल्या चित्रात पक्क्या बांधकामाची खिडकी आणि धोकादायक घराची खिडकी सारखीच उजळते. कॅमेऱ्याला त्यातला फरक कळत नाही, म्हणून निदान जे दिसते त्यात भर न घालण्याची जबाबदारी माणसाची. क्षितिजावर जिथे अंधाराची जागा असेल, तिथे ती अंधाराचीच ठेवावी. शेजारच्या दिव्यांची नक्कल करून ती बुजवली, तर चित्र भरगच्च होईल, पण त्या जागी काय होते आणि काय नाही, हे विचारण्याची वाटच बंद होईल.

चित्र पूर्ण झाले, की त्याच्या मागे ठिकाण, तारीख, वेळ, जोडलेल्या फ्रेमची संख्या आणि केलेले बदल लिहून ठेवावेत. दरवर्षी त्याच गच्चीवरून, त्याच महिन्यात एक पॅनोरमा घेतला, तर वीस वर्षांनी कुटुंबाच्या हाती या वस्तीची एक विश्वासार्ह वही असेल.