भिडेपोटी डॉक्टर धरून बसू नका, रागाच्या भरात सोडूही नका
बंगळूरच्या जे. पी. नगर परिसरातल्या मराठी कुटुंबांना जाहीर आवाहन



"इतके महिने ज्या डॉक्टरबाईंनी बघितलं, त्यांना ऐन वेळी सोडून गेली. बरं दिसलं का ते?"

आपल्या गटाच्या गेल्या रविवारच्या बैठकीत हे वाक्य कानावर पडलं, तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच. ज्या मुलीबद्दल हे बोललं गेलं, तिचं बाळ त्या वेळी एनआयसीयूत काचेच्या पेटीत होतं. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. त्याआधी दोन आठवडे तिचं डोकं ठणकत होतं, तोंडावर सूज होती, अंगठी बोटातून निघत नव्हती. दवाखान्यात उत्तर एकच: "दिवसांत असं होतंच." लघवी तपासली नाही. शेवटच्या भेटीत बीपीसुद्धा घेतलं नाही. पोरीला डॉक्टर बदलावेसे वाटत होते आणि घरात चर्चा चालली होती की बाईंना वाईट वाटेल. मध्यरात्री डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा नवऱ्याने उचलून दुसरीकडे नेलं. बीपी 170 वर 110. आणि फाइल? ती पहिल्या दवाखान्याच्या कपाटात, कुलपाआड. मुलीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह. अशा आईला द्यावं लागणारं अ‍ॅन्टी-डीचं इंजेक्शन झालंय की नाही, घरात कोणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवरा कागद मागायला गेला तर त्याला दोन तास बाकावर बसवून ठेवलं, वर ऐकवलं, "आधी कळवायला हवं होतं."

आई-बाळ दोघंही आहेत, म्हणून आज शांतपणे लिहिता येतंय. फार शांतपणे नाही, हे मान्य.

बरं दिसलं का, असं विचारणाऱ्यांना आमचा उलटा प्रश्न आहे: काय दिसायला हवं होतं? सरक्की मार्केटात वांगी किडकी निघाली तर आपण भाजीवाला बदलतो. मुलाचा क्लास दोन महिन्यांत बदलतो. घरमालकाशी भांडून तिसऱ्या फेजमधून सातव्या फेजला जातो. आणि जिथे दोन जीव टांगणीला लागलेत तिथे आपल्याला भीड आडवी येते! शेजारच्याने "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" म्हटलं की आपण हसून सरकतो. ती सवय तपासणीच्या टेबलावर कामाची नाही.

आकडे ऐका. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात 2018-20 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे कर्नाटकात 69 मातांचे मृत्यू होते, महाराष्ट्रात 33, केरळात 19. लगेच कॉलर ताठ करून "आमच्या महाराष्ट्रात बघा" म्हणू नका. मार्च 2025 मध्ये पुण्यात काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. जुळी, सातवा महिना, जोखमीची गर्भवती. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात दहा लाखांची अनामत मागितली असा कुटुंबाचा आरोप. तिथून दुसरीकडे नेलं, जुळ्या मुली जन्मल्या, आई वाचली नाही. गदारोळ झाल्यावर आपत्कालीन रुग्णांकडून अनामत घेणार नाही असं रुग्णालयाने जाहीर केलं. त्या मुलींना त्याचा काय उपयोग?

इथून सत्तर किलोमीटरवर तुमकूर. नोव्हेंबर 2022. तायी कार्ड (गर्भवतीचं सरकारी नोंदणी कार्ड) नाही, आधार नाही म्हणून जिल्हा रुग्णालयाने एका गर्भवतीला दाखल करून घेतलं नाही असा आरोप झाला, कर्मचारी निलंबित झाले. पण ती परप्रांतातली बाई घरीच बाळंत झाली आणि जुळ्यांसह गेली. परप्रांतातली, हा शब्द पुन्हा वाचा. गलाईच्या धंद्यासाठी विटा-आटपाडीकडून कर्नाटकात आलेल्या घरांतल्या सुना, बांधकामावरच्या बायका, आणि हो, आयटीतल्या आपल्या मुलीसुद्धा इथे परप्रांतीयच. खाजगी दवाखान्यात जात असलात तरी तायी कार्ड काढा. आशाताईला विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव घाला. लाज कसली त्यात?

आणि बळ्ळारी, नोव्हेंबर 2024: सिझेरियननंतर एकापाठोपाठ बायका दगावल्या, सलाइनवर संशय आला. तिथे डॉक्टर बदलून काहीच साधलं नसतं. ती लढाई वेगळी. सगळ्याला डॉक्टर बदलणं हेच औषध, असं आम्ही म्हणत नाही.

मग बदलायचा कधी? दर भेटीत बीपी, लघवी, वजन बघत नसतील तर. "हाय रिस्क" असा शिक्का मारला पण पुढे काय करणार हे कागदावर नसेल तर. रात्री दोनला फोन कोण उचलणार याचं उत्तर नसेल तर. त्या जागी रक्ताची सोय नसेल, भूलतज्ज्ञ रात्री मिळत नसेल, लवकर जन्मलेलं बाळ सांभाळता येत नसेल, तर डॉक्टर कितीही देवमाणूस असो, जागा बदला. तुसडेपणाने बोलणारी डॉक्टर, जी प्रत्येक वेळी मोजते, लिहिते आणि फोन उचलते, ती गोड बोलून "काही काळजी करू नका" म्हणणाऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरी. आणि जो स्वतःहून सांगतो की ही केस माझ्या आवाक्यातली नाही, मोठ्या ठिकाणी जा, त्याच्यावर तर चुकूनही रागावू नका. इतका प्रामाणिक माणूस रोज भेटत नाही.

बदलायचा कधी नाही? सिझेरियन लागेल म्हटलं म्हणून. जाऊबाईंचं "नॉर्मल" झालं म्हणून. मुहूर्तावर कापायला नकार दिला म्हणून. (हसू नका, आपल्याच लेआउटमध्ये झालंय.) एका मुलीने आठ महिन्यांत चार दवाखाने केले, चौथ्यात पहिल्या तिघांचा एकही कागद नव्हता. याला जागरूकता म्हणत नाहीत.

आता माहेरचा विषय, ज्यावरून निम्मी मंडळी आमच्यावर रुसणार आहेत. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सातव्यात डोहाळजेवण, फुलांचे दागिने, फोटो, आणि आठव्यात उद्यान एक्सप्रेसने पुणे किंवा राणी चन्नम्माच्या बर्थवर बसून मिरज. हासुद्धा डॉक्टर बदलणंच आहे! तेही सर्वांत नाजूक महिन्यात, रात्रभराच्या प्रवासासह. त्याला मात्र कोणी बेइमानी म्हणत नाही. बीपी असेल, जुळी असतील, वार खाली असेल, आधीचं सिझेरियन असेल, तर माहेरी जायचं की नाही हे डोहाळजेवणाच्या तारखेवर ठरवू नका. सहाव्या महिन्यातच इथल्या डॉक्टरांना विचारा, तिथल्या डॉक्टरांशी बोला. जमत नसेल तर आईला इथे बोलवा. डिंक, खोबरं, हळीव बंगळूरमध्येही मिळतात. लॉकडाउनमध्ये रस्ते बंद असताना याच गटातल्या बायकांनी बाळंतिणींच्या दारापर्यंत शेक-शेगडीपासून खिरीपर्यंत सगळं पोचवलं होतं. एकही माहेरवाशीण उपाशी राहिली नाही. हे आम्ही मिरवतो, आणि मिरवणार.

काय करायचं ते भराभर सांगतो. आज रात्रीच फाइलच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा: रक्तगट, बीपीचे आकडे, हिमोग्लोबिन, साखर, सगळे स्कॅन, चालू गोळ्या, बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या इंजेक्शनांच्या तारखा. मूळ फाइल घरात हवी. देत नसतील तर लेखी मागा आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. डॉक्टर सोडण्याआधी दुसरं मत घ्या, तो रुग्णाचा हक्कच आहे. पैशांची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी फुकट होते, चौथ्या महिन्यापासून पुढे. नव्या ठिकाणी जाण्याआधी विचारा: इतक्या आठवड्यांची केस घेता का, किती आठवड्यांचं बाळ सांभाळता, अनामत किती, विमा चालतो का. नव्या डॉक्टरांनी तपासून आपल्या हाताने लिहून देईपर्यंत जुन्यांना सोडू नका. जुन्यांना मात्र सांगा, चोरून जाऊ नका, आणि रेफरल चिठ्ठी मागून घ्या.

रक्त जायला लागलं, झटका आला, बीपी 160 वर 110 च्या पुढे गेलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर त्या दिवशी आवडनिवड बाजूला. सर्वांत जवळचं, सोय असलेलं रुग्णालय. 108 ला फोन करा. बन्नेरघट्टा रोडची संध्याकाळ आणि जयदेव रुग्णालयाजवळचा सिग्नल कोणासाठी थांबत नाही, म्हणून एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी गाडीने जाऊन किती वेळ लागतो ते बघून ठेवा. तातडीच्या वेळी आधी उपचार, मग कागदपत्रं, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच बजावलंय. काउंटरवर हे आवाज चढवून सांगा. आपल्याला आवाज चढवता येतो, सोसायटीच्या सभेत ऐकलाय.

"डॉक्टरांनी राग धरला तर?" धरू देत. "सगळीकडे सारखंच असतं." नसतं. "आमच्या वेळी कुठे होते हे स्कॅन?" काकू, तुमच्या वेळी प्रत्येक घरात न जगलेल्या एका तरी बाळाची आठवण होती. तुम्हीच सांगितलंय आम्हाला.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता, बैठकीच्या नेहमीच्या जागी. पोटुश्या मुलींनी फाइल घेऊन यायचं, आपण एकत्र बसून पानं लावू. गटातल्या दोघी निवृत्त परिचारिका येणार आहेत. मध्यरात्री गाडी काढायला कोण तयार आहे आणि कोणाचा रक्तगट निगेटिव्ह आहे, याची यादी नव्याने करायची आहे. नवऱ्यांनी यायचंच आहे. सासूबाईंनाही आणा, आणि गेल्या रविवारी ज्या काकूंनी ते वाक्य उच्चारलं त्यांनाही खास निमंत्रण. शेंगदाण्याचे लाडू त्यांनीच करून आणावेत, कारण तसे लाडू दुसऱ्या कोणाला जमत नाहीत.

आपल्या,
जे. पी. नगरच्या मराठी बायका