तलवार, खतावणी आणि कोयता

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील उसाच्या फडाकडे निघते. या जोडीला धंद्याच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात; माणसाचे नाव पुसून हत्याराचे नाव देण्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. याच जिल्ह्यात ऐतिहासिक चित्रपट लागला की पडद्यावरील तलवार पाहून तरुणांच्या मुठी आवळतात. हा आवेश चित्रपटगृहाच्या दारातच का विरून जातो? प्रश्न मनोरंजनाचा नाही, राजकारणाचा आहे.

या संदर्भात १९२५ हे साल आठवावे. त्या वर्षी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट पडद्यावर आला. कथा हरि नारायण आपटे यांची, दिग्दर्शन बाबूराव पेंटरांचे. दोनच वर्षांपूर्वी ‘सिंहगड’ काढून तलवारबाजीवर टाळ्या घेतलेल्या बाबूरावांनी या चित्रपटात तलवार म्यान केली आणि सावकाराची खतावणी उघडली. व्ही. शांताराम यांनी रंगविलेला तरुण शेतकरी कर्जापायी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत राबतो. देवादिकांच्या चमत्कारांनी भरलेल्या त्या काळच्या पडद्यावर हे बंडच होते.

त्याच वर्षी जपानमध्ये बुंतारो फुतागावा यांचा ‘ओरोची’ प्रदर्शित झाला. ओरोची म्हणजे महासर्प. मूळ नावाचा अर्थ ‘गुंड’ असा होता. सरकारी परीक्षकांना तो मानवला नाही. त्सुमासाबुरो बांदो यांनी साकारलेला नायक हा खालच्या श्रेणीतील प्रामाणिक सामुराई. वरिष्ठांचा अन्याय आणि समाजाचा पूर्वग्रह त्याला गुन्हेगारीच्या वाटेला लोटतो. ज्यांना समाज दुष्ट ठरवितो ते सारेच दुष्ट नसतात आणि प्रतिष्ठित सारेच सज्जन नसतात, हे चित्रपटाचे सूत्र. समाजवाद्यांना आणि साम्यवाद्यांना चिरडण्यासाठी जपानी सरकारने ‘शांतता संरक्षण कायदा’ आणला तोही याच १९२५ साली. तेव्हा परीक्षकांना नायकाची धास्ती वाटावी यात नवल नव्हते.

येथे कोणी म्हणेल की जपानी नायक निदान लढतो तरी. आपला शेतकरी मुकाट्याने गिरणीत जातो. आक्षेप वरवरचा आहे. ‘ओरोची’चा नायक अखेरच्या झुंजीत असंख्य शिपायांशी एकटा लढतो आणि शेवटी दोरखंडांनी जखडला जातो. त्याचा संताप खरा, पण त्याच्या बाजूला उभा राहणारा एकही माणूस नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दाइसुके इतो यांनी १९२९ साली केला आणि बेवारस सामुराईला पिळलेल्या शेतकऱ्यांच्या रांगेत उभे केले. अशा चित्रपटांचा गळा थोड्याच वर्षांत आवळला गेला. १९३९ च्या चित्रपट कायद्यानंतर तर साऱ्या जपानी पडद्यालाच युद्धखोर सत्तेच्या सेवेस जुंपण्यात आले. तलवारीला स्वतःची विचारसरणी नसते. ती ज्याच्या हाती, त्याची.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. १९३० साली प्रभातने शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव ब्रिटिश परीक्षकांनी बदलायला लावले. तो ‘उदयकाल’ झाला. परकी सत्तेला त्या तलवारीत स्वतःचे मरण दिसत होते. आज सत्ताधीशच ऐतिहासिक चित्रपटाच्या पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत बसतात. ज्या तलवारीला राज्यकर्ते हार घालतात, ती बंडखोर उरली कुठे?

खरे बंड कशावर घाव घालते, हे पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ सालीच दिसले होते. त्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांच्या खतपत्रांची होळी केली. त्यामुळेच इंग्रज सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या कायद्याची सावली येथवर पोचली नाही.

आजचा सावकारी पाश उचलीचा आहे. फडात एक दिवस खाडा झाला तरी दंड. तो टाळण्यासाठी आणि पाळीच्या, गर्भाशयाच्या दुखण्यातून सुटण्यासाठी बाया गर्भाशयच काढून टाकतात! २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या हिंसेला तलवार लागत नाही; मुकादमाची वही पुरते.

पडद्यावरच्या बंडखोराला नाके मुरडणे हे कार्यकर्त्यांचे काम नव्हे. त्याचा संताप फडापर्यंत नेणे, हे काम. प्रत्येक उचलीचा लेखी करार, नवरा-बायकोच्या मजुरीची वेगळी नोंद, खाड्याच्या दंडाला बंदी आणि कारखान्यावर मालक म्हणून कायदेशीर जबाबदारी, या मागण्या गावोगाव मांडल्या पाहिजेत. याच बीडने १९६७ साली पत्री सरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठविले होते. नाना पाटलांची ताकद एकट्याच्या तलवारीत नव्हती, संघटित गावांत होती. कोयता हातात असलेल्या माणसाला तलवारीची स्वप्ने पुष्कळ दाखवून झाली. आता त्याच्या उचलीचा हिशेब चव्हाट्यावर मांडा.