हौशी विमानाला हिरवा, कामगाराच्या गाडीला लाल



25 मे 2020 ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? टाळेबंदीचा चौथा टप्पा चालू होता. त्या दिवशी देशांतर्गत प्रवासी विमाने सुरू झाली, हे सर्वांनी वाचले. पण त्याच तारखेपासून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आणखी एक परवानगी दिली, ती फार थोड्यांच्या लक्षात आली. खासगी मालकीची विमाने, भाड्याची चार्टर विमाने, हेलिकॉप्टर आणि मायक्रोलाइट यांनाही आभाळ मोकळे झाले. मायक्रोलाइट म्हणजे एक किंवा दोन माणसे बसतील एवढे हलके विमान. बहुतेक वेळा ते शिकण्यासाठी आणि हौसेसाठी उडवतात. त्याला ना डबा, ना माल, ना टपाल.

आणि त्या दिवशी आपली रेल्वे कुठे होती? 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून नेहमीच्या सर्व प्रवासी गाड्या बंद होत्या. 1 मेपासून श्रमिक स्पेशल आणि 12 मेपासून राजधानीच्या धर्तीवरच्या वातानुकूलित गाड्यांच्या 15 जोड्या, एवढेच काय ते चालू होते. साधी पॅसेंजर, साधा जनरल डबा, खिडकीवर पैसे टाकून मिळणारे साधे तिकीट, यांतले काहीही नव्हते. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचे विमान आहे त्याला हौस भागवायची मुभा आधी, आणि ज्याच्याकडे फक्त दोन पाय आहेत त्याने वाट पाहावी! हा कोणत्या गावचा न्याय?

आम्ही जयपूरच्या रेल्वे वसाहतीत राहतो, म्हणून इथूनच सुरुवात करतो. मार्च 2020च्या पहिल्या आठवड्यात इथल्या सवाई मानसिंह इस्पितळात एका इटालियन पर्यटकाला हा रोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्या बिचाऱ्याला आम्ही दोष देत नाही. सांगायचे एवढेच की हा रोग देशात आला तो विमानाने आला. जनरल डब्यातून आला नाही, खडीवर काम करणाऱ्या गँगमनने आणला नाही. पण बंदी आली ती सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त दिवस कोणावर बसली? चारदिवारीच्या आतल्या रामगंजमध्ये संचारबंदी लागली, तिथे दहा-बारा माणसे एका खोलीत. बिहारचे, बंगालचे कारागीर, मजूर, हॉटेलातली पोरे, सगळी जिथल्या तिथे अडकली. चाळीस दिवस ना काम, ना पगार, ना गाडी.

1 मे, आपला कामगार दिन. त्या रात्री जयपूरहून पाटण्याकडे श्रमिक स्पेशल निघाली. देशात पहिल्या दिवशी ज्या सहा गाड्या सुटल्या त्यांतली ही एक. दोन आपल्या नाशिकहून निघाल्या, एक लखनौला आणि एक भोपाळला. आमची माणसे त्या रात्री ड्यूटीवर होती. गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन, सफाईवाले सगळे होते. भीती त्यांनाही होती, घरी लहान पोरे त्यांचीही होती. पण गाडी सुटली तेव्हा आपण रेल्वेत आहोत याचा अभिमान वाटला, हे खोटे नाही. दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या परिपत्रकात आले की राज्य सरकारांनी प्रवाशांकडून भाडे वसूल करून रेल्वेकडे जमा करावे. चाळीस दिवस ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याकडून भाडे! सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून भाडे घेऊ नका म्हणून सांगितले ते 28 मेला. तोवर हौशी विमानांच्या परवानगीला तीन दिवस होऊन गेले होते.

आता 8 मेची आठवण काढावी लागते. औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाड आणि बदनापूरच्या दरम्यान मध्य प्रदेशातले मजूर रुळांवर झोपले होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ही माणसे. भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाली होती. रात्रभर चालून थकली, आणि गाड्या बंद आहेत या समजुतीने रुळांवरच आडवी झाली. मालगाड्या मात्र चालू होत्या, कारण देशाला धान्य आणि कोळसा लागत होता. पहाटे मालगाडी आली. ड्रायव्हरने थांबवण्याचा प्रयत्न केला, पण मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सोळा माणसे गेली. रुळांवर विखुरलेल्या भाकरी साऱ्या देशाने पाहिल्या. त्या ड्रायव्हरच्या मनाचे काय झाले असेल, हे आमच्यातल्या प्रत्येक रनिंग स्टाफला कळते. या घटनेनंतर सतराव्या दिवशी मायक्रोलाइटला परवानगी मिळाली.

यावर आमच्याशी वाद घालणारे भेटतात. त्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले आहे. एकेकाला उत्तर देतो.

पहिले म्हणणे असे की छोट्या विमानात एकटा माणूस असतो, त्याने रोग कसा पसरेल? मान्य. आभाळात रोग पसरत नाही. पण विमान आभाळात राहत नाही, ते धावपट्टीवर उतरते. धावपट्टीला पहारेकरी लागतो, आगीचा बंब लागतो, पेट्रोल भरणारा लागतो, झाडणारा लागतो. हा झाडणारा कामावर कशाने येणार? बस बंद, लोकल बंद, पॅसेंजर बंद. उडणाऱ्याच्या अंतराची काळजी घेतली, झाडणाऱ्याच्या अंतराची कोणी घेतली?

दुसरे म्हणणे, विमान उभे राहिले तर इंजिन खराब होते आणि वैमानिकाचा हात बसतो. हेही खरे आहे. पण इंजिन सुरू ठेवायला देखभालीची परवानगी पुरते, हौसेची लागत नाही. आणि सराव काय फक्त वैमानिकाचाच जातो? आमचा ड्रायव्हर तीन महिन्यांहून जास्त एखाद्या सेक्शनवर गेला नाही तर त्याला पुन्हा लर्निंग रोड करावा लागतो. त्याच्या हाताची चिंता कोणी केली नाही.

तिसरे म्हणणे, विमानतळावरही कामगार आहेत, त्यांचे पोट त्यावर आहे. हा मुद्दा आमच्या जिव्हाळ्याचा आहे. विमानतळावरचा लोडर, सफाई कामगार, कंत्राटी गार्ड हे आमचे भाऊबंद आहेत, त्यांच्याविरुद्ध आम्ही एक शब्द बोलणार नाही. पण त्यांना हवा होता तो बंदीच्या काळातला पगार. मालकाची हौस सुरू झाली तरच नोकराला भाकरी मिळेल, ही रीत आम्हाला मान्य नाही. तसे असते तर स्टेशनवरच्या हमालाचे काय? त्याच्या बिल्ल्याला तर पगारच नाही. गाडी आली तर रोजी, नाही तर उपास. त्याच्या नावाने कोणी परवानगी मागितली होती?

चौथे म्हणणे सर्वांत वजनदार आहे. गाडीत हजार-बाराशे माणसे बसतात, गर्दीत रोग पसरणार, म्हणून गाडी बंद ठेवणे भाग होते. गर्दीचे भय आम्ही नाकारत नाही. 10 मे 2021 रोजी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले की तोवर 1,952 रेल्वे कर्मचारी या रोगाने गेले. त्यांतल्या काहींच्या घरी आम्ही स्वतः जाऊन बसलो आहोत. तेव्हा आम्हाला गर्दीचे धडे देऊ नका. आमचा प्रश्न निराळा आहे. गर्दी टाळायची तर गाड्या कमी करायच्या की वाढवायच्या? श्रमिक स्पेशलमध्ये सुरुवातीला मधला बर्थ रिकामा ठेवून बाराशे माणसे नेत. 11 मेपासून तीच गाडी सतराशे माणसे नेऊ लागली. 1 मे ते 31 ऑगस्टपर्यंत 4,621 श्रमिक स्पेशल धावल्या आणि 63 लाखांवर माणसे घरी पोचली. हे जर मे महिन्यात जमले, तर मार्चच्या अखेरीस, रोग गावोगाव पसरण्याआधी का जमले नाही? डबे होते, इंजिने होती, माणसे होती. त्या गाड्यांत सप्टेंबरपर्यंत 97 माणसांनी प्राण सोडले, हे सरकारनेच राज्यसभेत सांगितले. चाळीस दिवस उपाशी ठेवून मग उन्हाळ्याच्या तोंडावर डब्यात कोंबले, त्याचा हा हिशेब.

काही जण इंग्लंडचा दाखला देतात. तिथेही मे 2020मध्ये हौशी उड्डाणे सुरू झाली. झाली ना! पण तिथे रेल्वे बंदच नव्हती. वेळापत्रक कापले, तरी गाड्या चालू राहिल्या, कारण नर्सला इस्पितळात आणि दुकानातल्या पोराला दुकानात पोचायचे होते. तिथे आधी कामाची गाडी चालू राहिली, मग हौसेचे विमान उडाले. आपण परदेशाची नक्कल करतो तीही उलटी.

आणि कोणी रुग्णाच्या विमानाचे निमित्त पुढे करू नये. रुग्णाला नेणारी विमाने आणि मालाची विमाने टाळेबंदीतही बंद नव्हती. जे जीवनावश्यक होते ते आधीपासून चालूच होते. 25 मेला जे नव्याने उघडले त्यात ऐपतवाल्यांची सोय आणि हौस मोठी होती.

उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. आम्ही राजस्थानात राहतो, इथे उंट पुष्कळ. पण दिल्लीतले उंट फार उंच, वरून खालचा माणूस दिसत नाही. याच काळात 23 एप्रिलला आपला महागाई भत्ता गोठवला, दीड वर्षाची थकबाकी बुडवली. 1 जुलैला खासगी गाड्यांसाठी निविदा मागवल्या, त्यात जयपूर हा एक गट होता. पुढे तो बेत बारगळला ही गोष्ट वेगळी. 19 ऑगस्टला जयपूरचा सांगानेर विमानतळ खासगी हाती देण्यास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि ऑक्टोबर 2021मध्ये तो अदानी समूहाकडे गेला. म्हणजे कामगार घरात कोंडलेला असताना सरकारचे एक खाते मात्र जोरात चालू होते!

बंधूंनो, आपल्या रेल्वेत कोणती गाडी आधी सोडायची याचा नियम आहे. अपघात झाला आणि मदतगाडी निघाली की कंट्रोलर राजधानीलाही लूप लाइनवर उभी करतो. राजधानीतला साहेब कितीही मोठा असो, जखमी माणूस आधी. हा नियम कोणा एका मंत्र्याच्या दयेवर नाही, तो छापलेला आहे, आणि नवा स्टेशन मास्तर तो शिकूनच खुर्चीवर बसतो. साथीच्या दिवसांत देशाच्या वाहतुकीला असा छापील नियम नव्हता. म्हणून ज्याचा आवाज दिल्लीत पोचला त्याला हिरवा मिळाला.

साथ सरली. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लोक विसरत चालले आहेत. पण साथी पुन्हा येतात, पूर येतात, भूकंप येतात. त्या वेळी पुन्हा आपण रस्त्यावर आणि हौस आभाळात, असे होऊ द्यायचे नसेल तर आजच मागणी केली पाहिजे. आमची मागणी अशी:

एक, आपत्तीत बंद केलेली वाहतूक कोणत्या क्रमाने उघडायची, तो क्रम कायद्याने ठरवा. रुग्ण, औषध, अन्न आधी. मग घरी जाणारा मजूर. मग कामावर जाणारा माणूस, जनरल तिकिटावर. हौस सर्वांत शेवटी.

दोन, घरी जाणाऱ्या मजुराकडून एक पैसा भाडे घेऊ नका.

तीन, बंदीच्या काळात विमानतळ असो की स्टेशन, कंत्राटी कामगार असो की हमाल, त्याला निर्वाह वेतन द्या.

चार, हे निर्णय ज्या बैठकीत होतील तिथे गाड्या चालवणाऱ्यांच्या आणि विमानतळ झाडणाऱ्यांच्या युनियनला खुर्ची द्या.

कोणी विमान उडवू नये असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. जरूर उडवा. आमचीही पोरे छतावर उभी राहून विमान बघतात, त्यांतले एखादे उद्या वैमानिक व्हावे असे आम्हालाही वाटते. पण खाली रुळावर माणसे झोपलेली असताना नव्हे.

प्रत्येक शाखेने पुढच्या सभेत या चार मागण्यांचा ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा. ठराव मराठीत असो की हिंदीत, सह्या मात्र भरपूर असाव्यात.

कामगार एकजुटीचा विजय असो!