परळचा शिव परळमध्येच राहू द्या

परळगावातल्या बारादेवीच्या देवळात दोन माणसांएवढ्या उंचीचा एक अखंड दगड उभा आहे. त्यावर शिवाच्या सात मूर्ती कोरलेल्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने या शिल्पाचा काळ इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक असा धरला आहे. 1931 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना ते जमिनीत सापडलं आणि जवळच्याच या देवळात आणून ठेवलं गेलं. त्याची प्लास्टरची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिल्प परळला आणि नक्कल फोर्टात, ही वाटणी उलटी व्हायला हवी होती, असं म्हणणारे जाणकार पुष्कळ भेटतात.

त्यांचं म्हणणं कच्चं नाही. या घडणीचं दुसरं शिल्प देशात नाही. एवढी दुर्मीळ वस्तू पाहायला गल्लीतून वाट विचारत जावं लागतं, आणि पत्ता शिवाचा नव्हे, बारादेवीचा विचारावा लागतो. तेल, दूध, कुंकू आणि उदबत्तीचा धूर दगडाला बाधतो. शिवाय समोर हात जोडणाऱ्या माणसाला आपण काय पाहतो आहोत हेच ठाऊक नसतं. जिथे जतन नाही, अभ्यास नाही आणि समजही नाही, तिथे ते शिल्प का ठेवायचं, असा त्यांचा सवाल आहे.

यातला ‘समज नाही’ हा आरोप मला मुळीच मान्य नाही. शिल्पासमोर जरा वेळ उभं राहा. सगळ्यांत खाली एक शिव शांत उभा आहे. त्याच्या मागून, जणू त्याच्याच अंगातून, दुसरा वर आला आहे आणि दुसऱ्यातून तिसरा. या तिसऱ्याला दहा हात आहेत. मधल्याच्या आणि वरच्याच्या दोन्ही कुशींतून आणखी दोन-दोन शिव बाहेर झेपावतात. पायाशी गण वाद्यं घेऊन बसले आहेत. एका स्थिर देहातून सगळा पसारा उगवतो आहे, हे पाहणाऱ्याला पोथी न वाचताही कळतं. आता जाणकारांना विचारा, या रूपाचं नाव काय? त्यावर आजही एकमत नाही. कोणी याला महेश म्हणतं, कोणी पायाशी बसलेल्या वादकांकडे बोट दाखवून सात मूर्तींचा संबंध सप्तस्वरांशी जोडतं. मूर्तीचं नाव विद्वानांनाच नक्की सांगता येत नसेल, तर परळच्या भाविकाला अडाणी ठरवायचा अधिकार कोणाचा?

शिव देवीच्या घरी राहायला आला यात वावगं काही नाही. महाराष्ट्रात देव असेच राहत आले आहेत. कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहाच्या दारात एकवीरा बसली आहे, आणि मुंबईचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या दर्शनाला जातात. लेण्याद्रीचा गिरिजात्मज बौद्ध लेण्यात आहे, म्हणून त्याचं अष्टविनायकातलं स्थान कोणी काढून घेत नाही. जुनी जागा नव्या श्रद्धेने आपलीशी केली, म्हणूनच त्या जागी माणसांची ये-जा राहिली.

जगातही हेच दिसतं. इजिप्तमधलं फिलेचं इसिसचं मंदिर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बंद करवलं. आपला परळचा दगड घडला तोही साधारण त्याच सुमाराला. त्या मंदिराच्या भिंती अजून सुंदर आहेत, पण इसिसचं गाऱ्हाणं ऐकणं कायमचं थांबलं. रोमचं पँथिऑन 609 मध्ये चर्च झालं. आतली दैवतं बदलली, पण वापर चालू राहिला आणि जवळजवळ एकोणीसशे वर्षांचा तो घुमट आजही धड आहे.

‘सुरक्षित जागी हलवू’ या विचाराने काय होतं ते पाहायला भायखळ्याला जावं. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा हे नाव दिलं, तो दगडी हत्ती आज घारापुरीवर नाही. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि फुटला. त्याचे तुकडे राणीच्या बागेत आले आणि पुढे जोडले गेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आता उभा आहे. जपला गेला हे खरं, पण ज्या बेटाने त्याच्यावरून नाव घेतलं, त्या बेटावर त्याची जागा रिकामी पडली.

दुसऱ्या बाजूचा दावाही मी तितकाच ठामपणे नाकारतो. ही पूजा दीड हजार वर्षं अखंड चालत आली आहे, असं काही जण अभिमानाने सांगतात. ते खोटं आहे. मूर्ती जमिनीखाली होती. तिच्यावर माती पडली, वर वस्ती झाली, गिरण्यांचे भोंगे वाजले, आणि खाली देव आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. आजची पूजा 1931 नंतरची आहे. मला तिचं मोल त्यामुळेच जास्त वाटतं. फावड्याला लागलेला अनोळखी देव परळच्या लोकांनी आपल्या देवीजवळ नेला. अखंड परंपरेचा खोटा दाखला जोडला, तर त्यांच्या या कृतीचं श्रेयच पुसलं जातं.

आणि एक. इंग्रजांना 1661 मध्ये ही बेटं आंदणात मिळाली, त्याआधी इथे कोळीवाडे आणि ताडामाडांपलीकडे काही नव्हतं, असं शाळेपासून आपल्या मनावर ठसलं आहे. या एका दगडाने ते खोटं पाडलं आहे. असं शिल्प घडवायला कसलेले शिल्पी, त्यांना पोसणारा आश्रयदाता आणि शैव विचार मुरलेला समाज लागतो. तो समाज इथे होता. हा पुरावा परळच्या जमिनीतून निघाला आहे. तो परळच्या मुलांना चालत जाऊन पाहता आला पाहिजे.

आता जतनाचा मुद्दा उरतो, आणि त्यात जाणकार बरोबर आहेत. दगडावर दूध-तेल पडू नये. अभिषेक करायचा तर समोर वेगळ्या पात्रात करावा. शिवाला तो पोचत नाही असं कोणतंही शास्त्र म्हणत नाही. अभ्यासासाठी फोर्टातली प्रतिकृती आहेच, तिच्यावर हवी तेवढी मापं घ्यावीत. पुरातत्त्व सर्वेक्षणाने आणि देवळाच्या मंडळींनी एकत्र बसून दर्शनाच्या आणि पाहणीच्या वेळा ठरवाव्यात, आणि शिल्पाची ओळख ठसठशीत मराठीत समोर लावावी. परळ-लालबागच्या शाळांनी इतिहासाचा एक तास तिथे घ्यावा. लालबागच्या राजाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्या माझ्या मुंबईकरांनो, वर्षातली एक सकाळ बारादेवीलाही द्या.