लेकीला फक्त 'खाशील काय' एवढंच विचारू नका



आपल्या जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही, पण जपानच्या भाषाशाळांच्या जाहिराती मोबाइलवरून घराघरात पोचल्या आहेत. मुलगा जातो म्हणाला की घरातले विचारतात, "फी किती?" मुलगी म्हणाली की विचारतात, "तिथे खाशील काय?" माझं म्हणणं, दोन्ही प्रश्न दोघांनाही विचारा.

आधी पैसे. मी कॉमर्सची, त्यामुळे वही उघडूनच बोलते. भाषाशाळेची फी वर्षाला साधारण सात-आठ लाख येन. विद्यार्थी व्हिसावर, परवानगी काढून, शाळा चालू असताना आठवड्याला २८ तासच काम करता येतं. ताशी १,००० येन धरले तर चार आठवड्यांचे १,१२,००० येन. खोलीचं भाडं, जेवण, प्रवास, विमा यातच ते बहुतेक संपतात. म्हणजे फी घरूनच जाणार. "तिकडे कमावून फेडेल" म्हणणाऱ्या एजंटसमोर ही बेरीज ठेवा. जास्त तास काम केलं किंवा वर्गातली हजेरी घसरली, तर व्हिसाची मुदत वाढवताना अडचण येते.

शिवाय भाषाशाळेत फार तर दोन वर्षं राहता येतं, आणि नुसत्या तिच्या दाखल्यावर नोकरीचा व्हिसा मिळत नाही. ऑफिसातल्या नोकरीसाठी साधारणपणे पदवी किंवा तिथल्या व्यावसायिक कॉलेजचा डिप्लोमा लागतो. म्हणून बारावी झाली की लगेच पाठवायची घाई नको. इथे पदवी होऊ द्या, सोबत जपानी शिकू द्या. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. जेएलपीटी परीक्षा पुण्या-मुंबईत देता येते. तिच्या एन५ आणि एन४ या पहिल्या दोन पायऱ्या इथेच झाल्या, तर मूल किती मन लावतं ते दागिने गहाण टाकण्याआधीच कळतं.

आता आहार. तिथल्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा मासळीचा अर्क असतो, त्याला दाशी म्हणतात. त्यामुळे बाहेरचं जेवण जवळजवळ बंदच. पण तांदूळ, टोफू, कोबी, भोपळा मिळतो, मोठ्या शहरांत भारतीय दुकानांतून डाळीही मिळतात. खोलीवर चूल आहे ना, एवढं आधी विचारून घ्यावं. चौविहार अवघड जातो. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळचा वर्ग मिळेल का तेही विचारावं. कोबे शहरात १९८५ पासून आपलं महावीरस्वामींचं देरासर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेली जैन कुटुंबं तिथे राहतात. तेव्हा जपानात धर्म पाळताच येत नाही, असं नाही.

पण मुलगा गेला की त्याच्या दाशीची चौकशी कोण करतं? व्रत काय फक्त मुलींनीच सांभाळायचं? त्यालाही मुगाची खिचडी करायला शिकवूनच पाठवा.

आणि मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून तिची फी भरावी का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने निघू द्या. हिशेब जुळत नसेल तर मुलालाही थांबवा. जुळत असेल तर लेकीच्या वाटेत ताट आडवं ठेवू नका.