स्वदेशी उद्योगाचे डॅनिश शिल्पकार

हेनिंग होल्क-लार्सन यांचा जन्म १९०७ साली कोपनहेगनचा. मृत्यू २००३ साली मुंबईत. १९३८ मध्ये त्यांनी देशबंधू सोरेन टुब्रो यांच्यासह मुंबईत ‘लार्सन अँड टुब्रो’ स्थापन केली. आरंभी ते डेन्मार्कची दुग्धव्यवसायाची यंत्रे मागवून विकत. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि हा ओघ आटला. तेव्हा त्यांनी गाशा गुंडाळला नाही. यंत्रे येथेच घडवू लागले. आयातदाराचा उत्पादक झाला, हेच त्यांचे खरे कर्तृत्व. २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तरीही स्वदेशी उद्योगाचा इतिहास सांगताना आपण बहुधा जन्मभूमीच पाहतो. ही कसोटी अपुरी आहे. उद्योग कोणत्या मातीत रुजवला, हेही इतिहासाने मोजले पाहिजे.