प्रत आहे; पण परत येईल काय?

३१ मार्च हा आपल्याकडे हिशेब मिटविण्याचा दिवस. कचेऱ्यांतून, बँकांतून आणि महाविद्यालयांतून त्या दिवशी वर्षाचा ताळमेळ लावला जातो. २०११ सालापासून हाच दिवस ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी आलेली दिसत नाही. एक एप्रिलला फजिती होऊ नये म्हणून आदल्या दिवशी संगणकातील मजकुराची प्रत काढून ठेवावी, असा त्यामागील संकेत. आपल्या दृष्टीने या योगायोगाला आणखी एक अर्थ आहे. खातेवहीत शिल्लक दिसते एवढ्यावर दक्ष रोखपाल समाधान मानीत नाही. पेटीतील रोकड मोजून तो ती पडताळून पाहतो. घरच्या संगणकाच्या बाबतीत आपण प्रत काढली तरी नेमकी ही पडताळणी करीत नाही.

आज मध्यमवर्गीय घरातील संगणकात काय नसते? शिक्षकाच्या प्रश्नपत्रिका, गृहकर्जाची कागदपत्रे, विद्यार्थ्याचा प्रबंध, लग्नकार्यांची छायाचित्रे, निवर्तलेल्या आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, हे सारे एकाच हार्ड डिस्कवर साठविलेले असते. ही डिस्क म्हणजे एक यंत्र आहे आणि प्रत्येक यंत्र कधीतरी बंद पडते. गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली आपल्या वापरातील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी निकामी होण्याचे प्रमाण १.७ टक्के होते. तीन वर्षे जुन्या डिस्कमध्ये ते ८.६ टक्क्यांवर गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी बिघाडाच्या चार प्रमुख पूर्वलक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. अर्थात, ‘कुरकुर ऐकू आली की पाहू’ हे धोरण निम्म्याहून अधिक वेळा फसणारे आहे. नव्या एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ही कुरकुरही ऐकू येत नाही. शिवाय पुसलेल्या मजकुराच्या जागा ती स्वतःच मोकळ्या करीत असल्याने तो परत मिळविणे अधिक कठीण होते.

तरीही सुशिक्षित माणूस याबाबत उदासीन का राहतो? त्याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. प्रत काढण्याचा त्रास आजचा आणि निश्चित असतो. तिचा लाभ उद्याचा आणि अनिश्चित. अशा वेळी माणूस उद्याचे मोल नेहमीच कमी धरतो. २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड थेलर यांनी या स्वभावावर सुचविलेला उपाय असा, की योग्य ती गोष्ट आपोआप घडेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी. बॅकअपला हे तंतोतंत लागू पडते. संगणकात ही सोय असतेच; ती एकदा सुरू करून दिली की रोजच्या निग्रहाची गरज उरत नाही. येथे विम्याची उपमा अपुरी आहे. विमा वस्तूची किंमत देतो, वस्तू देत नाही. आणि आजीच्या आवाजाला बाजारभाव नसतो.

परंतु आपोआप निघालेली प्रत ही खरी प्रत असेलच असे नाही. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा मोठा भाग पुसला गेला. बॅकअप होता, पण तो पुन्हा चढवू लागल्यावर सदोष असल्याचे उघडकीस आले. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या अधिकारी महिलेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांनी आपल्या घरच्या संगणकावर प्रत नेलेली होती. एवढ्या साधनसंपन्न संस्थेत जे कोणी वेळीच तपासले नाही, ते आपल्या घरी तपासल्याविना बरोबर असेल असे मानण्यास आधार काय?

दुसरा भ्रम ‘क्लाउड’विषयीचा. संगणकातील बदल तत्काळ दुसरीकडे उमटविणारी सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. आपण चुकून फाइल पुसली तर ती तेथूनही पुसली जाते. जुन्या आवृत्त्या काही काळ राखून ठेवणारी सेवा असेल तरच तिचा आधार. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे व्यवहार ठप्प केले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही त्यात विस्कळीत झाले. या कंपनीचे सुमारे १५० मुख्य संगणक एकमेकांच्या प्रती बाळगून होते आणि म्हणूनच ते एकदम नष्ट झाले. वाचला तो घानामधील एकच, कारण तेथील वीज त्या वेळी गेलेली होती! भारनियमनाचा असा उपयोग आपल्यापैकी कोणाला सुचला नसता. बोध इतकाच, की एक तरी प्रत संगणकापासून तोडून, कपाटात ठेवलेली असावी.

मराठी माणसापुढे याखेरीज एक स्वतंत्र अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएममधील टंकांत लेखन केले. अशी जुनी फाइल नव्या संगणकावर सुखरूप उतरते, पण उघडल्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. कारण तो टंक तेथे नसतो. फाइल जिवंत आणि मजकूर मृत अशी ही अवस्था होय. यासाठी टंकही सोबत जतन करावा. त्याहून उत्तम म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून आणि मूळाशी ताडून ठेवावे.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. यास चौथे कलम जोडले पाहिजे: वर्षातून दोनदा पुनःस्थापनेची चाचणी. एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून त्यातील फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली असेल, तर संगणक सुरू करणारा पेन ड्राइव्ह तयार आहे काय आणि त्यावरून ती प्रतिमा दिसते काय, हे पाहावे. पुष्कळ नव्या विंडोज संगणकांत डिस्क कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीस ठाऊक असावी. आणि सर्वच जपण्याचा अट्टहास नको. चित्रपट व प्रणाली पुन्हा मिळतात. शासकीय दाखल्यांची दुसरी प्रत काढता येते. जे पुन्हा निर्माण होऊ शकत नाही, त्यास अग्रक्रम द्यावा.

हा प्रश्न केवळ घरगुती शिस्तीचा नाही. विद्यापीठे पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत मागतात आणि मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’वर जतनही होतो, पण मान्यतेपूर्वीची चार-पाच वर्षे तो एका विद्यार्थ्याच्या एका डिस्कच्या भरवशावर असतो. ज्याला दुसरी डिस्क परवडत नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाने ग्रंथालयात थोडी जागा राखून ठेवणे ही काही मोठ्या खर्चाची बाब नव्हे. संगणकाच्या अभ्यासक्रमांत ‘बॅकअप म्हणजे काय’ या प्रश्नाला दोन गुण असतील, तर पुसलेली फाइल परीक्षकासमोर परत आणून दाखविण्यास दहा गुण असावेत. कागदपत्रे संगणकावर आणण्याचा आग्रह ज्या संस्था धरतात, त्यांनी ती राखण्याची विद्याही शिकविली पाहिजे. तोवर प्रत्येकाने येत्या सुटीच्या दिवशी आपली प्रत बाहेर काढून एवढेच पाहावे, की तिच्यातून काय परत येते.